राजधानी कुठे वसवावी? चांदोर ते पणजी : किनाऱ्यावर राहण्याची जागा निवडण्याचा इतिहास

गोव्याच्या सहलीला गेलेले बहुतेक विद्यार्थी जुन्या गोव्यात तासभर थांबतात. बॉम जीझस बॅसिलिका, समोरचे से कॅथेड्रल, टेकडीवरचा संत ऑगस्टीनच्या मठाचा उरलेला अर्धा मनोरा, थोडे फोटो, आणि बस पुढे निघते. एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. एवढी प्रचंड चर्चे ज्यांच्यासाठी बांधली ते लोक राहत कुठे होते? चर्चे उभी आहेत, पण रस्ते, बाजार, वाडे, घरे यांतले जवळजवळ काहीच दिसत नाही. सोळाव्या शतकात आशियातल्या नामांकित शहरांत गणले जाणारे हे शहर कोणी जाळले नाही, भूकंपात पडले नाही, समुद्रानेही गिळले नाही. लोक हळूहळू तिथून उठून गेले.

या टिपणात आपण हे 'उठून जाणे' पाहणार आहोत. मी बंगळुरात चामराजपेटेत राहतो आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आमचे शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांच्या वर आहे, त्यामुळे भरती-ओहोटी आमच्या मुलांनी बहुधा पुस्तकातच पाहिलेली असते. पण पदवी हातात पडली की त्यांतले कितीतरी जण मंगळूर, गोवा, चेन्नई, कोची, मुंबई इथे नोकरीला जातात, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना राहण्याची जागा शोधावी लागते. हा प्रश्न नवा नाही. गोव्याने तो हजार वर्षांत पुन्हा पुन्हा सोडवला आहे, कधी चुकीचा, कधी बरोबर.

नदीच्या मागे जाणारी राजधानी

आधी नावांचा घोळ मिटवू, कारण परीक्षेत इथे हमखास गल्लत होते. आज ज्याला आपण 'जुने गोवे' म्हणतो ते मांडवी नदीवर आहे. त्याचे जुने नाव एळा. 'गोवा वेल्हा' हे वेगळे गाव आहे, ते झुआरी नदीवर आहे आणि एळ्यापेक्षा जुने आहे. पोर्तुगीजांनी दोन्हींना 'जुने' म्हटल्यामुळे हा गोंधळ झाला.

गोव्याच्या कदंब राजांची पहिली राजधानी चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदोर, समुद्रापासून बरीच आत, कुशावती नदीवर होती. अकराव्या शतकात व्यापार वाढला, मोठी गलबते येऊ लागली, तशी राजधानी झुआरीच्या काठी गोपकपट्टणात आली. तेच आजचे गोवा वेल्हा. काही शतके हे बंदर गाजले. मग नदीचे पात्र गाळाने भरत गेले, स्वाऱ्याही झाल्या, आणि पंधराव्या शतकात वस्ती उत्तरेला मांडवीकाठच्या एळ्याकडे सरकली. आदिलशाहीच्या काळात एळा चांगलेच भरभराटले. आफोंसो द आल्बुकर्कने १५१० मध्ये घेतले ते हेच शहर.

म्हणजे पोर्तुगीजांनी ही जागा निवडली नाही, त्यांना ती आयती मिळाली. आधीच्या राज्यकर्त्यांनीही ती राहण्यासाठी म्हणून नव्हे, जहाजांसाठी निवडली होती. नदीच्या आत असल्यामुळे वारा-वादळापासून आडोसा होता, शत्रूच्या गलबतांना मुखापाशीच अडवता येत होते, माल घाटाकडे न्यायला सोपे होते. बंदर म्हणून जागा उत्तम होती. पण बंदर चांगले म्हणून गाव चांगले, असे होत नाही. पुढची अडीचशे वर्षे या फरकाचीच आहेत.

(किनारपट्टीकडे जाणाऱ्या प्रत्येकाने बंदरच निवडले असेही नाही. शहाजीराजांचे पुत्र एकोजी १६७५ च्या सुमारास आमच्या बंगळुरातून कावेरीच्या मुखप्रदेशात गेले. त्यांनी समुद्रावरचे नागपट्टणम नव्हे, तर आतले तंजावर राजधानी म्हणून ठेवले. नागपट्टणम तेव्हा डचांकडे होते आणि तंजावर नायकांची तयार राजधानी होती, हे खरे कारण. तरी तुलना म्हणून लक्षात ठेवा.)

गावकरी कुठे राहत होते?

राजे आणि व्हाइसरॉय यांच्या आधी आणि नंतरही इथे गावे होतीच. त्यांनी जागा कशी निवडली ते पाहणे मला राजधान्यांपेक्षा जास्त उद्बोधक वाटते.

तिसवाडी, बार्देश, सासष्टी या भागांत नकाशा उघडून पाहा. जुनी वस्ती बहुधा टेकडीच्या पायथ्याशी, उतारावर चिकटलेली दिसते. वर जांभ्या दगडाचे कातळपठार. तिथे पाणी ठरत नाही, म्हणून घरे नाहीत. खाली नदीलगत सपाट, ओली, सुपीक जमीन. तिथे शेती आहे, पण घरे नाहीत. मधल्या पट्ट्यात घरे, माडपोफळी, देऊळ आणि विहीर. पठारावर पडलेला पाऊस जांभ्यातून झिरपतो आणि पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. तिथेच विहिरीला उन्हाळ्यातही पाणी राहते.

खालच्या सपाट जमिनीला गोव्यात खाजन म्हणतात. ही मुळात खारफुटीची, भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन. लोकांनी मातीचे बांध घालून ती शेतीखाली आणली. बांधात लाकडी झडपेचे दार असते, त्याला 'मानस' म्हणतात. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा झडप आपोआप बंद होते. ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. ना मोटर, ना चाकर. रायगड जिल्ह्यातल्या खारजमिनींवर याच कामाच्या दारांना उघाडी म्हणतात. हे बांध एकट्यादुकट्याने राखता येत नाहीत, म्हणून गावकरी ही सामुदायिक संस्था ती जबाबदारी सांभाळत असे. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये आफोंसु मेशियाच्या 'फोराल'मध्ये या गावकऱ्यांचे रिवाज लिहून काढले. त्यांच्या आधीपासून चालत आलेली ही व्यवस्था होती, हे त्या दस्तऐवजावरूनच कळते.

यातून एक साधा नियम निघतो: समुद्राची जमीन कसा, पण तिच्यावर झोपू नका. हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता. तो गावाच्या रचनेत होता.

मोडशी

आता शहराकडे येऊ. एळा झपाट्याने वाढले. तिथली लोकसंख्या दोन लाख होती असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. त्या काळी आजच्यासारखी जनगणना नव्हती, म्हणून असे आकडे जपून वापरा. शहर मोठे होते, दाट होते आणि टेकड्यांच्या मधल्या खोलगटात होते, एवढे निश्चित.

१५४३ मध्ये शहरात भयंकर साथ आली. गास्पार कोरेइया या पोर्तुगीज बखरकाराने तिचे वर्णन केले आहे: उलट्या, जुलाब, पेटके, आणि काही तासांत मृत्यू. या रोगाला पोर्तुगीज 'मोर्देशिम' म्हणू लागले. हा शब्द आपलाच आहे. मराठी-कोकणीतल्या 'मोडशी'चे ते पोर्तुगीज रूप. पुढे फ्रेंचांनी त्याचे ऐकीव रूप 'मोर द श्यँ', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', असे करून टाकले. शब्दांचा प्रवास कसा होतो याचे यापेक्षा भीषण उदाहरण मला माहीत नाही. गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाची चर्चा केली आहे. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोतेन यानेही त्याची नोंद केली. साथी १५७० मध्ये आल्या, १६३५ मध्ये आल्या, आणि मधल्या वर्षांतही माणसे मरतच होती.

कारण काय? अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी इथे थांबून विचार करावा. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. त्यात भेगा आणि पोकळ्या असतात, पाणी त्यातून सहज वाहते. हाच गुण गावाच्या झऱ्याला जिवंत ठेवतो. गावात घरे विरळ, परसे मोठी, त्यामुळे विहीर आणि मलमूत्राची जागा यांत अंतर राहते. पण तीच जमीन घेऊन तिच्यावर दाटीने घरे बांधा, प्रत्येक घरामागे शोषखड्डा आणि पलीकडे विहीर खणा, की जांभ्याचा गुणच वैरी होतो. खड्ड्यातले पाणी फारसे गाळले न जाताच विहिरीत उतरते. पावसाळ्यात भूजल वर आले की ते आणखी लवकर उतरते.

श्रीमंतांना ही विहीर टाळण्याचा मार्ग होता. शहराच्या पश्चिमेला बायंगिणीचा झरा होता. तिथले पाणी घडे भरून शहरात विकले जाई आणि ते वाहण्याचे काम गुलामांकडे असे. १६०८ च्या सुमारास गोव्यात आलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने या पाण्याविषयी लिहिले आहे. तो स्वतः तिथल्या राजरुग्णालयात रुग्ण होता आणि त्या रुग्णालयाची त्याने मोठी तारीफ केली आहे. म्हणजे शहरात त्या काळातले उत्कृष्ट रुग्णालय होते, पण विहिरीचे पाणी घातक होते. एकाच शहरात दोन प्रकारचे पाणी होते, आणि कोण कुठले पितो ते खिशावर ठरत होते. पाणी विकत घेणाऱ्यांच्या हातात शहराचा कारभार होता. विहिरीचा प्रश्न सुटला नाही याचे मला हे एक कारण वाटते.

दुसरे कारण ज्ञानाचे. रोग दूषित हवेतून, दलदलीच्या वाफेतून होतो, अशी तेव्हाची समजूत होती. कॉलऱ्याचा पाण्याशी संबंध जॉन स्नोने लंडनमध्ये १८५४ साली दाखवला. हिवतापाचा डासांशी संबंध रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला १८९७ मध्ये सिद्ध केला. हाच रॉस त्याआधी, १८९५ मध्ये, कॉलऱ्याच्या बंदोबस्तासाठी आमच्या बंगळुरात नेमला गेला होता. सतराव्या शतकातल्या गोव्याला यातले काहीच उपलब्ध नव्हते. लोक हवेला दोष देत होते आणि विहिरीचे पाणी पीत होते.

मुरगाव : तटबंदीचे गणित

व्यापार डचांनी पोखरला होता, साथींनी शहर पोखरले होते. पण राजधानी हलवण्याचा ठोस निर्णय झाला तो या दोन्हींमुळे नाही. तो झाला मराठ्यांमुळे.

नोव्हेंबर १६८३ मध्ये व्हाइसरॉय आल्वोर याने फोंड्याच्या किल्ल्यावर चाल केली आणि हात पोळून घेतले. त्याच महिन्यात संभाजीराजांच्या फौजेने जुवे बेट घेतले. जुवे म्हणजे राजधानीच्या अगदी पलीकडच्या काठावरचे बेट. तिथून शहरात शिरायचे तर फक्त पाणी ओलांडायचे उरले होते. हतबल झालेल्या व्हाइसरॉयने संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडून आपला राजदंड तिथे ठेवला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. जानेवारी १६८४ मध्ये शाहजादा शाहआलमची मोगल फौज कोकणात उतरली, संभाजीराजांना तिकडे वळावे लागले आणि शहर वाचले.

या धक्क्यानंतर आल्वोरने राजधानी मुरगावला न्यायचे ठरवले. झुआरीच्या मुखावरचे ते भूशिर. तीन बाजूंनी पाणी, एका बाजूने तट घातला की झाले. किल्ला तिथे १६२४ पासून होताच. शिवाय पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा साचून वाट बंद होते, तर मुरगावला मोठी जहाजे सुरक्षित राहतात. सैनिकी आणि नाविक दृष्टीने यात खोट काढता येत नाही. कामही सुरू झाले. पण ज्यांची घरे, मठ आणि मालमत्ता जुन्या शहरात होती त्यांना हे नको होते. लिस्बनहून आज्ञा यायची तर एका बाजूचा प्रवासच सहा महिन्यांचा. तोवर इथला अधिकारी बदललेला, नव्याचे मत वेगळे. असे करत करत अठराव्या शतकाच्या सुरुवातीला योजना बासनात गेली. मुरगावचे नाविक गणित मात्र चुकले नव्हते. १८८८ मध्ये तिथून रेल्वे सुरू झाली आणि ते गोव्याचे मुख्य बंदर बनले. बंदर झाले, राजधानी झाले नाही.

ज्यांनी आज्ञेची वाट पाहिली नाही

राजधानीचा वाद कागदावर चालू असताना लोकांनी आपापला निर्णय घेतला होता. सधन कुटुंबे नदीच्या खालच्या अंगाला, रायबंदर-पणजीकडे घरे बांधू लागली. तिकडे जायची वाटही होती: व्हाइसरॉय लिन्यारिश याने १६३३-३४ मध्ये रायबंदर आणि पणजी यांच्यामधल्या खाजणावरून तीन किलोमीटरांहून लांब दगडी बांधरस्ता घातला होता. तो आजही वाहतुकीत आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस व्हाइसरॉयच शहर सोडून जवळच्या पाणेलीला राहायला गेला. १७५९ मध्ये काउंट एगाने पणजीतला आदिलशहाचा जुना वाडा दुरुस्त करून तिथे मुक्काम हलवला.

पणजी काही स्वर्ग नव्हती. ताळगावच्या हद्दीतला तो एक वाडा. वाळूचे ढीग, दलदल, माडांच्या बागा, थोडी कोळ्यांची घरे. पण तीन गोष्टी जमेच्या होत्या. समुद्राकडून मोकळा वारा येत होता. जहाजांना गाळातून वर चढावे लागत नव्हते. आणि मागे आल्तिन्यूची टेकडी होती, जिच्या पायथ्याशी झरे होते. 'बोका द व्हाका'चा झरा आणि मळ्यातला 'फोंत फेनिक्स' तुम्हाला आजही दाखवतील. फोंताइन्यश या मोहल्ल्याचे नावच छोट्या झऱ्यांवरून आले आहे. टेकडी, तिच्या पायथ्याचा झरा, मग घरे: राजधानी शेवटी गावकऱ्यांच्याच नियमाला येऊन टेकली. फरक एवढाच, की खालची ओली जमीन शेतीला न ठेवता भरून काढली गेली. दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याच्या कारकिर्दीत (१८२७ ते १८३५) दलदली बुजवल्या, वाळू सपाट केली, सरळ रस्ते आखले.

मधे एक विलक्षण प्रकरण घडले. पोर्तुगालचा सर्वाधिकारी मंत्री पोम्बाल याने १७७० च्या दशकात जुने गोवेच पुन्हा उभारा असा हुकूम सोडला. भूकंपाने पडलेले लिस्बन त्याने नव्याने बांधून दाखवले होते, त्यामुळे गोवा काय मोठे, असे त्याला वाटले असावे. पैसा खर्च झाला, मजूर आणले गेले, ते आजारी पडून मेले, आणि काम थांबले. लिस्बनची पडझड वरची होती. जुन्या गोव्याचे दुखणे जमिनीखाली होते. त्या सुमारास तिथे हजार-दीड हजार माणसेच उरली होती. २२ मार्च १८४३ च्या राजाज्ञेने पणजीला 'नवे गोवे' म्हणून राजधानीचा दर्जा मिळाला, म्हणजे शासनप्रमुख राहायला आल्यानंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी. जुन्या शहरातल्या वाड्यांचे चिरे काढून पणजीच्या बांधकामांना वापरले गेले. तुमच्या सहलीत घरे का दिसली नाहीत याचे उत्तर त्यात आहे.

हेच नाट्य डचांच्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्त्यात, घडले. १६१९ मध्ये नदीच्या मुखाशी, आपल्या देशासारखे कालवे खणून त्यांनी शहर वसवले. १७३३ पासून तिथे हिवतापाने असा कहर केला की नवे आलेले लोक वर्षभरात मरू लागले. एका डच संशोधकाच्या मते किनाऱ्यालगत नव्याने केलेले माशांचे तलाव डासांना पोसत होते. १८०८ मध्ये आलेल्या गव्हर्नर डान्डेल्सने जुना किल्ला पाडून कारभार आतल्या, उंच वेल्टेफ्रेडनला नेला.

आणि आता तुम्ही

चामराजपेट १८९२ मध्ये आखली गेली: जुन्या, दाट पेटेला लागून, सरळ रस्त्यांची. १८९८ मध्ये बंगळुरात प्लेग आला तेव्हा पेटेतल्या गल्ल्यांतून माणसे बाहेर काढावी लागली आणि बसवनगुडी, मल्लेश्वरम या वसाहती उभ्या राहिल्या. तिथेही हवा आणि उजेड हेच शब्द वापरले गेले, पण खरा फरक घरांमधल्या अंतराने, उंदरांच्या बंदोबस्ताने आणि सांडपाण्याच्या सोयीने पडला. डोंगरावरचे शहर असो की किनाऱ्यावरचे, प्रश्न एकच असतो: घाण पाणी कुठे जाते आणि पिण्याचे कुठून येते.

किनाऱ्यावर याला आणखी एक पदर आहे. जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण खारे पाणी सुमारे अडीच टक्के जड असते. गिबेन-हर्झबर्ग सूत्राप्रमाणे गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर जितकी, त्याच्या साधारण चाळीस पट खोलीपर्यंत ते खाली असते. याचा उलटा अर्थ लक्षात घ्या: उपसा करून पातळी एक मीटर खाली नेलीत, तर खालून खारे पाणी चाळीस मीटर वर सरकू शकते. वाळूच्या किनाऱ्यासाठी हे सूत्र बरे लागू पडते. जांभ्यात भेगांमुळे ते इतके सरळ राहत नाही. पण नव्या इमारतींच्या रांगेत कूपनलिका खारी का होते हे त्यावरून समजते.

म्हणून मंगळुरात किंवा मडगावात खोली पाहायला जाल तेव्हा समुद्र किती दिसतो हे नंतर विचारा. आधी शेजारच्या जुन्या घरात जाऊन विचारा, की विहिरीला वैशाखात पाणी असते का आणि त्याची चव बदलते का. इमारत उभी आहे ती जागा पूर्वी काय होती: भाट, शेत, की खाजन? उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच दिवशी आले तर गल्लीतले पाणी किती वेळाने उतरते? पणजीच्या बुजवलेल्या सखल भागात ते आजही तुंबते, कारण भरती असेतो गटाराला बाहेर पडायला वाट नसते. मानशीची झडप हेच काम शतकानुशतके करत होती. घर विकत घेणार असाल तर १९९१ पासूनचे किनारा नियमन क्षेत्राचे नियम आणि त्यांतले २०११ व २०१९ चे बदल वाचा, भरतीरेषेपासूनचे अंतर स्वतः तपासा.

स्वाध्याय म्हणून एक काम द्यावेसे वाटते. तिसवाडीचा समोच्चरेषा असलेला नकाशा घ्या. त्यावर चर्च किंवा देऊळ, जुनी विहीर आणि खाजणाचा बांध अशा तीन खुणा असलेली पाच गावे शोधा आणि प्रत्येक खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहा. मग गेल्या तीस वर्षांत त्याच गावांत उभ्या राहिलेल्या वसाहतींची उंची उपग्रहचित्रावरून काढा, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून वर्गात घेऊन या.